मायकरच्या नावाने

जयमाला खोत यांना राग यायला कारण लागत नाही, असं त्यांचे जावई प्रणव गमतीने म्हणत. या खेपेला मात्र कारण होतं. ते कारण काचेच्या भिंतीपलीकडे, काचेच्याच एका पेटीत पालथं झोपलं होतं. वजन सव्वा किलो, नाव अजून ठेवायचं होतं. जयमालाबाईंच्या या नातीला हात लावायची परवानगी सगळ्या जगात एकालाच होती, आणि तो एकजण माणूस नव्हता.

लेकीला, ऋतुजाला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या, तेव्हा जयमालाबाई गडहिंग्लजहून मिळेल ती गाडी पकडून पुण्याला आल्या होत्या. पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि जुन्या सुती साड्यांची धुऊन मऊ केलेली दुपटी होती. रुग्णालयाच्या दारातच दुपटी परत मिळाली, लाडूही परत मिळाले. हात तेवढे जवळ राहिले, आणि त्या हातांना काही काम नव्हतं. ज्या बाईने सरकारी दवाखान्याच्या नवजात कक्षात सिस्टर म्हणून उभी हयात काढली, तळहातावर मावतील अशी पोरं हाताळली, तिला काचेला नाक लावून उभं राहायची वेळ आली होती.

यंत्राचं नाव मायकर. “आडनाव वाटतंय एखाद्याचं,” जयमालाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “कुठलं म्हणायचं हे मायकर? राजापूरचं?” कुणी हसलं नाही. माय आणि कर, म्हणजे आईचे हात, अशी फोड तिथल्या शर्वरी नावाच्या तरुण सिस्टरने करून सांगितली. तेवढं कळत होतं की त्यांना.

पेटीच्या माथ्यावरून दोन हात खाली उतरत. कोपरापर्यंतचेच, गव्हाळ रंगाचे, नखं नसलेले. आत कोमट पाणी खेळत असे, म्हणून ते उबदार. कातडीखाली तांदळाच्या कणीहून बारीक असे हजारो दाबमापक बसवलेले. ते हात बाळाच्या मानेपासून कमरेपर्यंत फिरत, थांबत, परत वर जात. दिवसभर, रात्रभर. जयमालाबाई आठवडाभर समोरच्या बाकावर बसून मायकरच्या नावाने बोटं मोडत होत्या.

कक्षाचे प्रमुख डॉ. अद्वैत निमकर बोलायला गोड होते. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. आपल्या कातडीत स्पर्शाच्या दोन वाटा असतात. एका वाटेचे मज्जातंतू जाड आणि चपळ. काय लागलं, कुठं लागलं, किती जोरात लागलं याची वर्दी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत मेंदूला देतात. दुसऱ्या वाटेचे तंतू बारीक आणि संथ. त्यांना या चौकशांशी घेणंदेणं नसतं. अंगाच्या उबेचा हात एका ठरावीक सावकाश गतीने फिरला तरच ते जागे होतात. घाईत फिरवला तर ते गप्प, रेंगाळत फिरवला तरी गप्प. आणि जागे झाले की मेंदूला एवढंच कळवतात, की जवळ कुणीतरी आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला हा निरोप सतत मिळत राहिला तर श्वास लयीत येतो, दूध अंगी लागतं. माणसाचा हात दमतो. तो कधी गार असतो, कधी घाईत. मायकर बाळाच्या छातीच्या ठोक्यांवरून आणि रक्तातल्या प्राणवायूवरून आपली गती क्षणाक्षणाला सुधारत असतो.

जयमालाबाईंनी शर्वरीला खोदून खोदून विचारलं, पूर्वीची बाळं किती दिवसांनी घरी जायची आणि आता किती दिवसांनी जातात. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. मायकर आल्यापासून बाळं लवकर बरी होत होती. यामुळे जयमालाबाईंचा राग ओसरला नाही. त्याला बाहेर पडायची वाट तेवढी बंद झाली.

कारण नियम असा होता, की घरी जाईपर्यंत बाळाला दुसरा हात लागता कामा नये. आईचासुद्धा नाही. त्याला ते ‘मिश्र स्पर्श’ म्हणत. दुसरा हात लागला की यंत्राचं गणित विस्कटतं आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीची हमी रद्द होते.

“हमी?” जयमालाबाई म्हणाल्या. “पोर हाय का मिक्सर?”

रागावल्या की त्यांची गावाकडची बोली वर येई. त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, की आम्ही असली पोरं आईच्या उघड्या छातीवर फडक्यानं बांधत होतो आणि ती जगत होती. डॉक्टरांनी मान डोलावली. त्या काळासाठी ती उत्तम पद्धत होती, असं ते म्हणाले. ‘त्या काळासाठी’ हे शब्द जयमालाबाईंना आठवडाभर दाताखालच्या खड्यासारखे लागत राहिले.

याहून वाईट म्हणजे ऋतुजा काही बोलत नव्हती. नियमाला तिने आधीच होकार दिला होता. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे तिच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. ती चाकाच्या खुर्चीत काचेसमोर बसायची आणि एकटक बघायची. लेकीपेक्षा ती त्या हातांकडेच जास्त बघते, असं जयमालाबाईंना वाटे. पोर घरी येईल तेव्हा तिला ओळखीचे फक्त रबराचे हात असतील. आई जवळ घेईल आणि पोर परक्याच्या कडेवर गेल्यासारखी रडेल. हा विचार आला की परत राग यायचा.

आठव्या दिवशी नळी बदलण्यासाठी मायकरनेच बाळाला पहिल्यांदा उताणं निजवलं. इतके दिवस न दिसलेला चेहरा दिसला. नाक खोतांचं होतं, त्याला इलाज नव्हता. जयमालाबाई काचेला चिकटल्या. मायकरचे हात पुन्हा खाली आले. या वेळी ते पाठीवर नाही, तर कपाळावर टेकले. कपाळावरून गालांवर, गालांवरून हनुवटीपर्यंत उतरले. मग वर उचलले गेले, मागे गेले, वळले, बोटं आत मिटली, आणि त्या मिटलेल्या बोटांनी दोन्ही बाजूंनी हवेत काहीतरी दाबलं. दोन मुठींच्या मध्ये एका डोक्याएवढी जागा होती. जागा रिकामी होती.

जयमालाबाईंनी शर्वरीला विचारलं हे काय. तो नेहमी असं करतो, ती म्हणाली. बाळ उताणं असलं की करतो. आम्ही त्याला मायकरचा नमस्कार म्हणतो.

नमस्कार कसला. यंत्र अलाबला घेत होतं. लेकराच्या तोंडावरून हात उतरवायचे, आपल्या कानशिलांवर बोटं मोडायची आणि त्याची इडापिडा आपल्या डोक्यावर घ्यायची. बोटं जितकी कडाकडा वाजतील तितकी दृष्ट लागली होती असं समजायचं. यंत्राला हात होते, डोकं नव्हतं. पिडा कुणाच्या डोक्यावर घ्यायची हे ठाऊक नसताना ते बिचारं मुकाट्याने हवेत बोटं दाबत होतं.

हात परत बाळाच्या गालांवर आले. पुन्हा वर गेले. तेव्हा त्यांना दुसरी गोष्ट दिसली. डाव्या हाताची बाकी बोटं मिटली, करंगळीशेजारचं मिटलं नाही. ते अर्ध्यावर ताठ राहिलं.

जयमालाबाईंनी आपला डावा हात वर धरला आणि मूठ मिटली. करंगळीशेजारचं बोट अर्ध्यावर थांबलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ते स्ट्रेचरच्या चाकात सापडलं होतं. तेव्हापासून ते पुरतं मिटत नसे.

मग सगळं आठवलं. ऋतुजा तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल. नवजात कक्षात पुण्याहून संशोधन करणारी काही मंडळी आली होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ हातमोजे त्यांनी सिस्टर लोकांना घालायला दिले, हात कसा फिरतो ते टिपून घ्यायचं म्हणून. पावसाळाभर जयमालाबाईंनी ते घालून काम केलं, पोरांच्या अलाबलाही घेतल्या. शेवटी एक प्रशस्तिपत्रक आणि स्टीलचा डबा मिळाला होता. डबा अजून डाळीला होता.

आठवडाभर त्या आपल्याच हातांच्या नावाने बोटं मोडत होत्या.

त्या तशाच डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि हे हात माझे आहेत म्हणाल्या. बाई भावनेच्या भरात बोलत असाव्यात अशा चेहऱ्याने डॉक्टरांनी आधी पाणी मागवलं. जयमालाबाईंनी त्यांच्या नाकासमोर मूठ मिटून दाखवली. मग डॉक्टरांनी पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

पुढचा अर्धा तास ते लहान मुलाच्या आनंदाने बोलत होते. कितीतरी जणींचे हात टिपले होते, आया, सिस्टर, दाया. गोपनीयतेसाठी नावं पुसून नुसते आकडे ठेवले होते. यंत्राने सगळ्यांचं मिश्रण करून पाहिलं, आणि दर वेळी बाळांनी कौल दिला तो सतरा नंबरच्या हातांना. शेवटी यंत्र त्यांच्यावरच बेतलं. ती हवेत बोटं दाबायची हालचाल निरुपयोगी म्हणून काढून टाकली होती. पण ती काढल्यावर बाळांचं वजन चढेना, म्हणून परत घातली. असं का होतं, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. हात गालावरून जातो आणि थोड्या वेळाने परत येतो, तो येणार हे बाळाला समजू लागतं, असा एक तर्क आहे. नुसता तर्क. आणि सतरा नंबर म्हणजे तुम्ही! परत एकदा हातमोजे घालाल का, असं त्यांनी अगदी हात जोडून विचारलं.

“घालीन,” जयमालाबाई म्हणाल्या. “आधी मला नातीला हात लावू द्या.”

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते नाइलाजाने म्हणाले, की तुमचा तेव्हाचा हात तपासलेला आहे. हजारो बाळांवर सिद्ध झालेला आहे. आजचा हात आम्ही तपासलेला नाही.

“म्हणजे माझ्या हाताला परवानगी हाय, मला न्हाई.”

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

“मी मेले तरी तुमचं काही अडायचं न्हाई. बरं हाय.”

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, रागाला धरायला जागा मिळाली असती. जयमालाबाईंनी दार आपटायचं ठरवलं होतं, पण ते दार आपोआप आणि सावकाश बंद होणारं निघालं.

ऋतुजा काचेसमोरच होती. आता हिला सांगायचं आणि दोघींनी मिळून रुग्णालय डोक्यावर घ्यायचं, अशा आवेशात जयमालाबाई आल्या. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, हातमोजे, बोट, सतरा नंबर. ऋतुजा हातांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “मला माहीत आहे.”

जयमालाबाईंना आधी आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं.

“म्हणून तर हे रुग्णालय निवडलं. पाचव्या महिन्यात दाखवायला आलो होतो, तेव्हा खाली प्रदर्शनाच्या खोलीत मोठ्या माणसांसाठी एक मायकर ठेवला होता. प्रणवने घातलं नाही, मी घातलं तोंड त्या हातांमध्ये.” तिने स्वतःच्या गालाला बोट लावलं. “ते बोट टोचलं गालाला. मिटत नाही ते.”

मग मला का नाही सांगितलंस, असं जयमालाबाईंनी विचारलं. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा चढा लागला.

“काय सांगणार? तिशी उलटली माझी, आणि आईने गालावरून असा हात फिरवलेला मला यंत्राकडून कळला. तू दारातून आत यायचीस, मी धावत यायचे, आणि तू काय म्हणायचीस? हात लावू नकोस, दवाखान्यातून आलेय, आधी हात धुऊ दे. मग हात धुवायचीस, मग स्वयंपाक, मग धुणं. तोवर मी झोपलेली असायची. आता माझ्या मुलीला ते हात रात्रंदिवस मिळताहेत, तर तू बोटं मोडतेस.”

जयमालाबाईंना राग आला. खरा राग, आठवड्यातला पहिला. बाकीचा सगळा काचेवर काढलेला होता.

“मग काय करायचं होतं? वॉर्डातला जंतू तुझ्या तोंडावर आणायचा होता? त्या साली कक्षात साथ होती. चार पोरं माझ्या या हातावर गेली, ऋतू. ते हात तुझ्या गालाला लावायचे होते?”

“धुतल्यावर लावायचे होते.”

काचेपलीकडे हात गालांवरून उतरले, वर गेले, हवेत दबले. जयमालाबाई बाकावर बसल्या.

“एक सांग,” ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. “खालच्या खोलीत मी आवाजाची वाट बघत होते. हात वर गेले, बोटं दाबली, आणि वाजलंच नाही. मला वाटलं यंत्र बिघडलंय. पण तो आवाज मला कसा माहीत? मी तर तुझे हात कधी...”

“झोपेत ऐकला असशील.”

ऋतुजा वळली.

“रोज अलाबला घ्यायचे मी,” जयमालाबाई रागातच म्हणाल्या. “सगळं आवरलं की. पण हात लावला असता तर उठली असतीस, आणि उठलीस की सोडायची न्हाईस, पहाटेची ड्यूटी असायची. म्हणून वरच्या वर घ्यायचे. तोंडाला न लावता. बोटं मात्र मोडायचे. वाजायची लई.”

ऋतुजाने डोळे पुसले नाहीत. ते तसेच वाहू दिले आणि यंत्राकडे बघितलं. तिला लहानपणी नुसता आवाज मिळाला होता, स्पर्श नाही. आत पेटीत तिच्या मुलीला नुसता स्पर्श मिळत होता, आवाज नाही. एकाच बाईचं अर्धं तिच्या वाट्याला आलं होतं आणि अर्धं तिच्या लेकीच्या. पूर्ण कुणालाच नाही.

“आई,” ती म्हणाली, “हात कुठे धुवायचे?”

जयमालाबाईंना दोनदा सांगावं लागलं नाही. काचेच्या खोलीबाहेर बेसिन होतं. तिथे त्यांनी लेकीच्या बाह्या वर केल्या आणि तिचे हात कोपरापर्यंत चोळून धुतले, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, जसे शिकाऊ पोरींचे धुऊन घ्यायच्या तसे. वर बडबडही केली, की नखं किती वाढवलीस, अंगठी काढ आधी. इतकी वर्षं जे हात धुणं दोघींच्या मध्ये उभं होतं, ते आता दोघी मिळून करत होत्या. मग जयमालाबाईंनी आपलेही हात धुतले. दाराला कडी नव्हती.

ऋतुजा खुर्चीतून उठली आणि दोघी आत गेल्या. पेटीच्या बाजूला दोन गोल झडपा होत्या. तिने त्या उघडल्या आणि हात आत घातले. परका हात आत येताच मायकर थबकला. त्याचे दोन्ही हात वर जाऊन, बोटं मिटून, रिकाम्या डोक्याच्या दोन बाजूंना तसेच थांबले. घंटा वाजू लागली.

ऋतुजाचे हात गार होते. तिची गतीही चुकीची होती, फार घाईची. बाळाने तोंड वाकडं केलं, मूठ उघडली, मिटली. पडद्यावर ठोक्यांचा आकडा चढू लागला. ऋतुजाने घाबरून आईकडे बघितलं.

“त्या पडद्याकडं बघू नको,” जयमालाबाई म्हणाल्या. “पोरीकडं बघ. दमानं.”

जन्मभर आकड्यांवर नजर ठेवून राहिलेल्या जयमालाबाईंनी स्वतःही पडद्याकडे पाठ केली. ऋतुजाने पुन्हा कपाळावर हात टेकले. गालांवरून हनुवटीपर्यंत उतरवले, या वेळी सावकाश. मग हात बाहेर काढले, आपल्या कानशिलांवर नेले आणि बोटं मोडली. त्या बंद खोलीत, घंटेच्या आवाजातसुद्धा, ती कडाकडा वाजली. बाळाच्या कपाळाला आठी पडली. मान किंचित आवाजाच्या बाजूला वळली. ऋतुजाने हात परत आत घातले.

शर्वरी धावत आली. तिने आधी घंटा बंद केली, मग पडदा पाहिला. आकडा चढायचा थांबला होता, पण तेवढ्याने तिचं समाधान होण्यासारखं नव्हतं. मिश्र स्पर्श झाला, हमी गेली, आता वर काय उत्तर देऊ, असं ती एका श्वासात बोलून गेली.

“पहिला हात कोणी घातला आत?” तिने विचारलं.

“आईनं,” ऋतुजा म्हणाली. मान वर न करता.

शर्वरी संतापून जयमालाबाईंकडे वळली.

“माझ्याकडं काय बघतीस?” जयमालाबाई म्हणाल्या. “आई ती हाय. मी आजी. माझा हात अजून घालायचाय.”

आणि त्यांनी बाह्या वर सारल्या.